कोणासाठी पाहिजे?

चांदूर बाजारच्या बस स्टँडसमोर नसीमभाईचं मेडिकल होतं. दुकानाले नाव होतं, वर पाटीही होती, पण गावात त्या नावानं कोणी सांगत नव्हतं. "कोणासाठीवाल्याकडून आन," असंच म्हणत. कारण गिऱ्हाईक पायरी चढलं की नसीमभाई औषधाचा कागद पाहायच्या आधी माणसाच्या तोंडाकडं पाहायचा आणि विचारायचा, "कोणासाठी पाहिजे?"

विचारायची तऱ्हा अशी, की खरं सांगणाऱ्यालेही आपण खोटं बोलून राह्यलो असं वाटावं.

मी बाजार समितीत मापारी होतो. सारा जन्म काट्यापाशी गेला. शाळा चौथीच्या पुढं नाही, पण पोत्यात हात घातला की माल ओला का सुका ते कळत होतं, आणि व्यापाऱ्याच्या तोंडाकडं पाह्यलं की त्याच्या पोटात काय आहे तेही कळत होतं. त्यामुळं संशयी माणूस मले लांबून ओळखू येते. नसीमभाई पहिल्याच दिवशी ओळखू आला. त्यानंही मले ओळखलं असंल, कारण आमचं काही जमलं नाही.

अंगानं वाळकुडा. पांढरा हाफ शर्ट, खिशात पेन नाही, कारण पेन लोक मागून नेतात आणि परत देत नाहीत असं त्याचं म्हणणं. कैची गळ्यात दोरीनं बांधलेली, त्याच कारणानं. औषधाची पट्टी कापताना तारीख छापलेला तुकडा तो नेहमी गिऱ्हाईकाले द्यायचा, बिनतारखेचा स्वतःपाशी ठेवायचा नाही, कचऱ्यात टाकायचा. मी विचारलं, काहून टाकतो? म्हणे, "काका, बिनतारखेची गोळी उद्या मीच कोणाले देईन. माह्यावर माहा तरी कुठं भरोसा आहे?"

कंपनीचा माणूस भिंतीवरचं घड्याळ फुकट देऊन गेला तर त्यानं ते लावलं नाही. म्हणे, हे माह्या भिंतीवर बसून कोणाची वेळ दाखवते ते मले माहीत आहे. दुकान बंद केल्यावर कुलपाले असा लोंबकळायचा, की पाहणाऱ्याले वाटावं हा आपलंच दुकान फोडून राह्यला.

लोक चिडत. एकदा एक गुरुजी आले. घसा धरला होता, मागच्या हिवाळ्यात डॉक्टरनं दिलेली 'स्ट्राँगवाली' गोळी पाहिजे होती, कागद नव्हता. नसीमभाईनं विचारलं, "कोणासाठी?" गुरुजी तापले. म्हणे, "माह्या बैलासाठी."

नसीमभाईनं कैची शांतपणे छातीवर सोडली. "गुरांचा दवाखाना तहसीलच्या मांगं आहे, गुरुजी. बैलाले घेऊन जा. इथं दोन पायाचेच येतात, अन् तेही खरं बोलत नाई."

बाकड्यावर बसलेले आम्ही सगळे हसलो. तो हसला नाही. तो कधी हसत नव्हता. हसणारा दुकानदार काहीतरी खपवायले पाहते, असंही त्याचं एक मत होतं, आणि त्या एका मतापुरतं आमचं दोघांचं जमत होतं.

मी एकदा त्याले म्हटलं, "का रे नसीम, असं काय झालं तुह्या आयुष्यात, की तू साऱ्या जगावर डाऊट खाते?" मले वाटलं काहीतरी गोष्ट निघंल. कोणी बहीण, कोणी भाऊ, चुकीचं औषध. तो म्हणे, "काका, पोतं काट्यावर चढलं की तुमी पहिले खाली पाहता. कोणाचा पाय तर लागला नाई पलड्याले. काहून पाहता? कोणी मेलं होतं का?"

"कोणी कायले मरंल? ते काम आहे माहं."

"बस. माहंबी तेच आहे."

पण माह्या घरी जे घडलं ते वेगळं. ते सांगायचं तर बुढीच्या दुखण्यापासून सांगावं लागंल.

बुढी म्हणजे माही बायको सुभद्रा. तिले शुगर आहे. एका उन्हाळ्यात तिले लघवीची जळजळ सुरू झाली. घडीघडी उठे, कण्हे. मले सांगे ना. शेवटी आमच्या सुनेनं, अश्विनीनं, तिले डॉक्टरकडं नेलं. कागद घेऊन मी नसीमभाईकडं गेलो.

"कोणासाठी?"

"कागदावर नाव लिहिलं आहे ना."

"कागदावर कोणीबी लिहिते. कोणासाठी?"

"बायकोसाठी."

"काकीले शुगर आहे ना? किडनीचं रक्त कधी तपासलं?"

आता हा डॉक्टर का मेडिकलवाला? मी म्हटलं, तुले गोळ्या द्यायच्या तर दे, नाही तर समोर दुसरं दुकान आहे. त्यानं माह्यादेखत डॉक्टरले फोन लावला. म्हणे, नायट्रोफ्युरँटॉइन आहे, वय झालेलं आहे, शुगर आहे, क्रिएटिनिन पाहून देऊ का? डॉक्टर तिकडून हो म्हणाले असतील. फोन ठेवून मले म्हणे, "किडनी बरोबर चालत असंल तरच हे औषध लघवीत उतरते. नाई तर तिथं पोचत नाई अन् अंगात साचते. रक्त तपासून आना, मग देतो."

मले वाटलं, आलं ध्यानात. लॅबवाल्याशी याचं साटंलोटं आहे. तरी बुढीचं रक्त तपासून घेतलं. पण समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो, लॅबवाला त्याच्याकडं पाकीट घेऊन कधी येते ते पाहायले. चहावर चहा झाला. लॅबवाला आला नाही. म्हणजे दोघं लय हुशार होते.

रिपोर्ट चांगला निघाला. मंग नसीमभाईनं पिवळ्या कॅप्सूलची पट्टी काउंटरवर ठेवली, पण बोट वरून काढलं नाही.

"काका, ध्यान देऊन ऐका. हे भरल्या पोटी घ्यायचं. उपाशी पोटी अजिबात नाई. ॲसिडिटीची पावडर सोबत घ्यायची नाई. लघवी गर्द पिवळी होईल, काळ्या चहासारखीबी दिसंल, भेऊ नका, तो औषधाचा रंग आहे. जळजळ गेली म्हणून मधातच सोडायचं नाई, डॉक्टरनं लिहिलं तेवढं संपवायचं. अन् खोकला सुरू झाला, धाप लागली, हातापायाले मुंग्या आल्या, तर बंद करून सीधे डॉक्टरकडं. काकीले सांगसान?"

"सांगतो."

"सगळं?"

"अरे हो ना बाप्पा."

आता सगळं कोण सांगते. लघवीचा रंग कसा होईल हे मी बायकोसोबत बोलावं? एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही तो विषय काढला नव्हता. मी घरी येऊन पट्टी दिली आणि म्हटलं, "जेवल्यावर घे. उपाशी पोटी घेऊ नको, तो ओरडते." बस.

पुढं बुढी बरी दिसली. नसीमभाई रस्त्यात भेटला की विचारे, "संपली पुरी?" मी म्हणे, संपली. त्याले पटलं नसंल, पण तो गेला.

पुढच्या हिवाळ्यात अश्विनीचं दुसरं बाळंतपण होतं. पहिलं तिच्या माहेरी अकोल्याले झालं, दुसरं आमच्याकडं. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईकडं नाव घातलेलं. पोरगा अकोल्याले कामाले, सुटीच्या दिवशी यायचा. नववा महिना भरत आला होता. बाई म्हणाली होती, आता कधीही.

त्या दिवशी बुढी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, माह्याजवळ येऊन बसली आणि आवाज बारीक करून म्हणे, "अवो, पोरीले जळजळ होऊन राह्यली. मले झाली होती तशी. तुमी ती पिवळी गोळी आना."

"डॉक्टरीणबाईले फोन लावा ना."

"ती लाजून राह्यली. म्हणे रविवारी हे आल्यावर जाऊ. तवरी काय पोरीनं कण्हत राहावं? माह्या नावानं आना. माह्या नावानं त्यानं दिलीच होती."

मी गेलो. दुपार उतरली होती, एस्टी लागली होती, दुकानात गर्दी. नसीमभाईनं वर पाह्यलं.

"कोणासाठी?"

"बायकोसाठी. मागच्यासारखंच झालं तिले. तीच पिवळी दे."

काही लोक म्हणतील मी खोटं बोललो. मी तसं म्हणत नाही. सुनेच्या अशा दुखण्याचं नाव सासऱ्यानं बस स्टँडवर उभं राहून घ्यावं, अशी आमच्याकडं रीत नाही. घरातल्या बायकांचं असं काही असलं तर माणूस आपल्या अंगावर घेते, नाही तर म्हाताऱ्या बाईच्या. सारं गाव असंच करते. नसीमभाईलेही ते ठाऊक होतं, म्हणून तर त्याचा तो प्रश्न होता.

"काकीले?" तो म्हणे.

"हो."

"कधीपासून?"

"कालपासून."

त्यानं कैची हातात घेतली आणि परत सोडली. "काका, काकीले मी आज दुपारी बाजारात पाह्यलं. वांग्यासाठी त्या पोट्ट्यासोबत भांडून राह्यली होती. लय जोरात. लघवीची आग असलेली बाई एवढा वेळ उभी राहून भांडत नाई."

दुकानातले लोक हसले. माह्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "तू माह्या बायकोवर पाळत ठेवते का?"

"मी सगळ्यांवरच ठेवतो. कोणासाठी, ते सांगा. नाई तर काकीले इथं आना."

"तुह्या दुकानात पुन्हा पाय ठेवला तर मापारी नाव लावणार नाही," असं म्हणून मी उतरलो. मांगून त्यानं आवाज दिला, "काका, सून बरी आहे ना तुमची?" मी वळून पाह्यलं नाही. तेव्हाच समजायले पाहिजे होतं की त्याले वास लागला.

समोरच्या दुकानात गेलो तर त्याचं शटर खाली होतं. तसाच घरी आलो. बुढीले सांगतलं, तो नालायक देत नाही.

बुढी उठली, फळीवरचा चहाचा जुना डबा काढला, त्यातून कागदाची पुडी काढली, पुडीतून तीच पिवळी पट्टी. अर्ध्याहून जास्त भरलेली.

मी म्हटलं, "हे कुठून आलं?"

"माहीच आहे. तवाची."

"तू संपवली नाई?"

"रंग पाह्यला मी. रक्त जाते असं वाटलं मले. सोडून देल्ली. फेकावी कशी, चांगली गोळी." आणि पुडी पदराले पुसून म्हणे, "हे घेईल ती. काम भागलं."

मी पट्टी हातात घेऊन पाह्यली. तारीख होती, नसीमभाईनं कापलेल्या तुकड्यावर तारीख असायचीच, आणि ती अजून उलटली नव्हती. मले वाटलं, चला, त्याच्या नाकावर टिच्चून काम झालं.

दिवेलागणीची वेळ. मी ओट्यावर बसलो होतो. गल्लीत स्कूटर आली. नसीमभाई. दुकानाची सगळ्यात मोठी गर्दी त्याच वेळेस असते, आणि हा दुकान सोडून माह्या दारात. गळ्यात कैची तशीच. त्या गल्लीत तो आधी कधी आला नव्हता.

माह्या मनात पहिलं हेच आलं, की याले भीती आहे, गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. मी म्हटलं, "काय पाहिजे?"

"पाणी पाजा, काका."

पाणी मागणाऱ्याले कोण नाही म्हणते. आवाज ऐकून अश्विनीच पाणी घेऊन बाहेर आली. कमरेले एक हात, दुसऱ्या हातात पेला. नसीमभाईनं तिच्या तोंडाकडं पाह्यलं नाही. पेला घेतला, खाली ठेवला, प्याला नाही. मले म्हणे, "कोणासाठी, ते समजलं."

मग मान खाली घालूनच तिले विचारलं, "बेटी, सच सच बताना. ती पिवळी कॅप्सूल घेतली का?"

अश्विनी माह्याकडं पाहू लागली. मी बुढीकडं पाह्यलं. ती दारात उभी होती. नसीमभाईचा हात कैचीच्या दोरीवर होता आणि ती दोरी तो बोटाले गुंडाळत होता.

"नाही घेतली अजून," अश्विनी म्हणाली. "आई म्हणाल्या जेवल्यावर घे. उपाशी पोटी घेऊ नको म्हणाल्या. भाकरी टाकायची आहे अजून."

नसीमभाई ओट्यावर बसला. आता पाणी प्याला. सगळं, एका दमात.

"जेवल्यावर," तो मले म्हणे. "एवढं सांगतलं होतं तुमी काकीले?"

"तूच म्हटलं होतं ना."

"बाकी?"

मी पेला उचलायले वाकलो. तो बुढीले म्हणे, "काकी, पट्टी द्या." बुढीनं पुडी आणून दिली. त्यानं उघडली, किती उरल्या ते पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं. "संपली म्हणे होते तुमी."

"मले काय माहीत. मी काय तिच्या तोंडात पाहून राह्यलो होतो?"

त्यानं पट्टी खिशात घातली. मले पटलं नाही. मी म्हटलं, "थांब. डॉक्टरनं दिलेलं औषध. बुढीनं खाल्लं, काही झालं नाही. आणि सुनेले विष होते?"

"विष नाई, काका. औषध चांगलंच आहे. पण बाळंतपण तोंडावर आलं की हे देत नाईत. पोटातल्या लेकराचं रक्त कच्चं राहते, ते फुटू शकते, कावीळ चढू शकते. काकीचं औषध काकीले. पोरीचं तिच्या डॉक्टरीणबाईले विचारून."

"झालंच असतं का?"

त्यानं विचार केला. खोटं बोलला असता तर माहं तोंड बंद झालं असतं. पण तो म्हणे, "शायद काहीच नसतं झालं. पण 'शायद'वर मी गोळी देत नाई. अन् हे अंगावर काढूबी नका. नववा महिना असलेल्या बाईची लघवीची आग म्हणजे रविवारपर्यंत थांबायची चीज नाई. वर किडनीले चढते, ताप येते, कळा लवकर लागतात. ताप आहे का, बेटी?"

"कणकण आहे," अश्विनी म्हणाली. हे तिनं बुढीलेही सांगतलं नव्हतं.

अमरावतीचा फोन त्यानं माह्याच मोबाईलवरून लावायले लावला. अश्विनीले आत जाऊन बोल म्हणे, आणि मले अन् बुढीले बाहेर बसवलं. ती आत बोलत असताना मी त्याले विचारलं, "तुले काय करायचं होतं रे? माहा राग आला होता ना? दुकान सोडून कायले आला?"

"तुमी वळून नाई पाह्यलं," तो म्हणे. "सूनचं विचारलं तर भांडखोर माणूस भांडते. तुमी चूपचाप गेले."

डॉक्टरीणबाईनं लगेच निघून या म्हटलं. गाडी केली, रातोरात ॲडमिट केलं. लघवी तपासली, इन्फेक्शन निघालं. गरोदर बाईले चालते ते दुसरं औषध दिलं. ताप उतरला. पुढं दिवस भरून पोरगी झाली. चांगली, गुटगुटीत. रंग पाहायले मी दोनदा खिडकीपाशी उजेडात नेली. पिवळी नव्हती.

पेढे घेऊन नसीमभाईकडं गेलो. मापारी नाव लावणार नाही म्हटलं होतं, म्हणून पायरीवर पाय ठेवला नाही, खालूनच डबा पुढं केला. तो म्हणे, "कोणासाठी?"

"तुह्या बापासाठी. घे."

त्यानं पेढा घेतला, नाकापाशी नेला, वास घेतला. "खवा कुठला आहे?" मग कागदात गुंडाळून कपाटात ठेवला. खाल्ला का फेकला ते मले माहीत नाही. पण विचारलं मात्र, "सुनेनं दुसरं औषध पुरं संपवलं?" मी म्हटलं, संपवलं. "कोणी पाह्यलं?" मी म्हटलं, "मी. रिकामी पट्टी दाखवू का?" तो म्हणे, "दाखवा." मी खिशातून काढून दाखवली. हे मात्र त्याले अपेक्षित नव्हतं.

बुढीचा तो डबा त्यानंतर रिकामाच असते. चहाही ठेवत नाही ती त्यात.

काही काळानं त्याचं दुकान पुतण्याकडं गेलं आणि तो बाळापूरले लेकीकडं राहायले गेला. पुतण्या चांगला आहे. हसते. म्हणून मी त्याच्याकडून लांबच राहतो.

शेवटचा दिसला तो अकोल्याले. मलेच लघवीचा त्रास सुरू झाला होता, पोरानं तिथल्या डॉक्टरले दाखवलं. डॉक्टर तरणा होता. मी त्याले विचारलं, माह्या किडनीचं रक्त पाह्यलं का, हे भरल्या पोटी का, रंग बदलते का, किती संपवायचं. तो म्हणे, "काका, तुम्ही पोलीस खात्यात होते का?" मग रिपोर्ट काढून दाखवला. मी चष्मा लावून पाह्यला. समजलं काही नाही, पण पाह्यला.

औषधाची पिशवी घेऊन बस स्टँडवर आलो. समोर बाळापूरची गाडी सुटायले उभी. खिडकीशी नसीमभाई. वाळून आणखी बारीक झालेला, गळ्यात कैची नाही, पण दोरी अजून होती, तिले चष्मा बांधलेला. त्यानं मले पाह्यलं. माह्या तोंडाकडं नाही, हातातल्या पिशवीकडं. गाडी चालू होती, आवाज पोचणार नव्हता. त्यानं बंद काचेआडून उपडा हात उताणा केला. कोणासाठी?

मी छातीवर हात ठेवला. माह्यासाठी.

त्यानं चष्मा डोळ्याले लावला आणि माह्याकडं नीट पाह्यलं. मी परत छातीवर हात मारला. गाडी हलली. तो काच सरकवायले पाहत होता, ती सरकत नव्हती, आणि तोंड असं होतं, की या म्हाताऱ्याच्या घरी आता कोण आजारी आहे ते शोधलं पाहिजे.